लोबेड घेताना एक्सल मोजा

कराड भागात माझा पोकलेन भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. आमच्या धंद्यात यंत्र कुठल्या कंपनीचं घ्यावं यावर तासन्‌तास खल होतो. ते यंत्र कामावर पोहोचवणाऱ्या लोबेडबद्दल, म्हणजे बुटक्या ट्रेलरबद्दल, मात्र एकच प्रश्न असतो, ‘खेपेचं काय घेणार?’ स्वतःचा लोबेड बांधून घेणारा मालकसुद्धा ‘तीस टनी पाहिजे’ एवढं सांगून आगाऊ रक्कम देऊन टाकतो. माझं मत असं, की लोबेड टनांवर घेऊच नये. कुठल्या एक्सलवर किती भार येणार आणि गाडी कोणत्या रस्त्याने जाणार, हे दोन हिशेब आधी मांडावेत.

माझ्याच यंत्राचं उदाहरण घ्या. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने एक्सलभाराच्या मर्यादा वाढवल्या. पुढच्या दोन टायरांच्या एक्सलला 7 टन, जोड एक्सलला 21 टन आणि ट्रेलरच्या तिहेरी एक्सलला 27 टन. तीन एक्सलच्या पुलरमागे, म्हणजे ओढणाऱ्या ट्रकमागे, दोन एक्सलचा लोबेड जोडला, की एकूण 49 टन चालतात. पुलर साधारण 9 टन, लोबेड 12 टन आणि पोकलेन 21 टन, म्हणजे 42. कागदावर सात टन शिल्लक राहतात आणि मालक निर्धास्त होतो.

आता यंत्र लोबेडवर उभं कुठे राहतं ते पाहा. ते थोडं मागे राहिलं आणि त्याचा दोन तृतीयांश भार मागे गेला, तर 14 टन झाले. लोबेडच्या स्वतःच्या वजनातले आठेक टन मागच्या एक्सलवर असतातच. बेरीज 22 टन, मर्यादा 21. एकूण वजनात बसणारी गाडी एक्सलवर ओव्हरलोड निघते. वजनकाट्यावर अख्खी गाडी चढवली, तर हे कधीच कळत नाही. फक्त लोबेडचे एक्सल काट्यावर घ्यावे लागतात. तिसरा एक्सल असेल, तर तेच 22 टन 27 च्या मर्यादेत आरामात बसतात. म्हणून वीस टनी वर्गातल्या यंत्रासाठीही मी तीन एक्सलच सांगतो.

एक्सलवरच्या जादा भाराचा खर्च सगळ्यांना भरावा लागतो. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात इलिनॉय राज्यातल्या ऑटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर चाचण्या झाल्या. रस्त्याची झीज एक्सलभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असं त्यांतून दिसलं. भार पाचव्या हिश्श्याने वाढला, तरी झीज दुपटीवर जाते. गावाकडच्या छोट्या मोरीवर तर एका वेळी जेमतेम एकच एक्सलसंच येतो. तिला गाडीच्या एकूण वजनाशी देणंघेणं नसतं.

2021 च्या महापुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढायला चिपळूणला यंत्रं लागली, तेव्हा आमच्याकडून जायचा रस्ता कुंभार्ली घाटाचा होता. असा घाट भरल्या गाडीने उतरताना ब्रेकची कसोटी लागते. ट्रेलरच्या प्रत्येक जादा एक्सलबरोबर ब्रेकचे जादा ड्रम येतात आणि उष्णता वाटली जाते. तिसऱ्या एक्सलचा तोटाही आहे. तीव्र वळणावर मागचे टायर आडवे घासतात. तो खर्च मला मान्य आहे. टायर बदलता येतात, घाटात सुटलेली गाडी परत आणता येत नाही. उचलता येणारा एक्सल घेतलात, तर तो रिकाम्या परतीपुरताच उचला. टायर वाचवण्यासाठी भरल्या गाडीचा एक्सल उचलणं म्हणजे बाकीच्या दोन एक्सलवर अन्याय आहे.

लोबेड जितका बुटका तितका चांगला, हेही अर्धंच खरं. बुटकेपणामुळे वरच्या तारा आणि पूल सुखरूप पार होतात आणि यंत्राचा तोलही सांभाळला जातो. पण त्यासाठी लहान टायर लागतात. ते तेवढ्याच अंतरात जास्त फिरतात आणि लवकर तापतात. लांब, बुटक्या गाडीचं पोट गतिरोधकावर टेकतं, ते वेगळंच. डांबरी महामार्गावर धावणाऱ्या लोबेडची उंची पाटण किंवा महाबळेश्वर तालुक्यातल्या रस्त्यांना चालेलच असं नाही.

मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. वाळू उतरवता येते. पोकलेनमधला एक टन कसा उतरवणार? हा प्रश्न लोबेड बांधायला टाकण्याआधीच सोडवायचा असतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. लोबेड बांधणाऱ्यांनी कुठल्या वजनाचं यंत्र कुठे उभं करायचं, याच्या खुणा फळीवर रंगवून द्याव्यात. यंत्रमालकांनी भाडं ठरवताना एक्सलनिहाय काट्याची पावती मागावी. आणि सरकारी निविदांमध्ये यंत्रवाहतुकीची बाब वेगळी दाखवून तिचे पैसे वेगळे द्यावेत. आज तो खर्च ठेकेदाराच्या दरात दडपला जातो, म्हणून सगळ्यात स्वस्त गाडी जिंकते. जी सरकारी खाती रस्ते बांधतात, त्यांच्याच कामावर येणारी यंत्रं ते रस्ते मोडत असतील, तर पहिला नियम त्यांच्या निविदेत यायला हवा.