आम्ही सारे शिकारी

फराळाचे ताट पुढ्यात असताना भांडण उकरून काढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मला ठाऊक आहे. तरीही हा लेख म्हणजे भांडणच आहे, हे आधीच सांगून टाकतो. भांडण कोणा एका माणसाशी नाही, आपल्या सर्वांशी आहे, आणि त्या सर्वांत मीही आलो. विषय घारीच्या घरट्याचा आहे. हसू नका. निदान शेवटपर्यंत वाचून मग हसा.

मी पक्षीशास्त्राचा पंडित नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. हौस म्हणून कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी मुले शिकवतो. आमची शाळा रे रोडला. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या भागाला मिळाले, आणि १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ल्याहून इथवर हार्बरची गाडी धावू लागली. त्यानंतर इथे गोदामे, लाकडाच्या वखारी, जुन्या लोखंडाचे ढीग आणि त्यांवर जगणारी माणसे एवढेच वाढत गेले. निसर्ग पाहायला रे रोडला यावे, असे कोणी कोणाला सांगत नाही. पण आमच्या शाळेच्या गच्चीवरून २०२४ च्या दिवाळीनंतर घारींची तीन घरटी दिसत होती. एक गोदामाच्या आवारातल्या पिंपळावर, दुसरे रस्त्याकडेच्या विलायती शिरिषावर आणि तिसरे गोदीच्या बाजूच्या दिव्यांच्या उंच लोखंडी मनोऱ्यावर. सातवीच्या मुलांनी एक वही केली आणि रोज मधल्या सुट्टीत पाहिलेले तीत लिहायला सुरुवात केली. ती वही आज माझ्यासमोर आहे. हा लेख त्या वहीच्या जोरावर लिहीत आहे.

घारीचा संसार मुंबईत थंडीत मांडला जातो. काटक्या, तारा, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जे मिळेल ते आणून जोडपे घरटे रचते. मादी दोन किंवा तीन अंडी घालते. ती उबवायला महिनाभर लागतो. बहुतेक वेळ मादी बसून असते आणि नर तिला खाणे आणून देतो. पिल्ले बाहेर आली की पंख फुटून उडेपर्यंत आणखी सहा-सात आठवडे जातात. म्हणजे एका पिल्लाच्या मागे अडीच महिन्यांची अखंड राखण असते. घार आकाशात हिंडली तरी तिचे चित्त पिलांपाशी असते, हे आपण आजीच्या मांडीवर ऐकत आलो. तीर्थयात्रेला गेलेल्या आईपासून परगावी शिकणाऱ्या मुलाच्या आईपर्यंत सर्वांना आपण ही उपमा लावली. आता त्या उपमेचे आपण काय केले, ते ऐका.

पिंपळावरची मादी डिसेंबरच्या अखेरीस बसली. वहीत रोजची नोंद आहे: ‘बसली आहे’, ‘नर उंदीर घेऊन आला’, ‘बसली आहे’. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नोंद बदलली. नर रस्त्यापलीकडच्या विजेच्या तारेला लोंबकळत होता. उजव्या पंखात नायलॉनचा मांजा हाडापर्यंत रुतला होता. अग्निशामक दलाच्या जवानांनी शिडी लावून त्याला उतरवले आणि परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या रुग्णालयात नेले. जीव वाचला, उडणे गेले. इकडे मादी तीन दिवस उपाशी बसून राहिली. चौथ्या दिवशी उठली आणि कावळे घरट्यात उतरले. त्या दिवशी वहीत एका मुलाने एवढेच लिहिले आहे: ‘बसलेली नाही.’ इंग्रजीत घारीलाही काइट म्हणतात आणि पतंगालाही. एका काइटने दुसरीचा संसार मोडला.

शिरिषावरच्या घरट्यात मार्चच्या आरंभी दोन पिल्ले निघाली. पांढुरक्या लवेची डोकी गच्चीवरून स्पष्ट दिसत. तिसऱ्या आठवड्यात फांद्या छाटणारी माणसे आली. पावसाळ्यापूर्वी धोक्याच्या फांद्या उतरवाव्या लागतात, हे मला मान्य आहे. फांदी पडून माणूस मेल्याच्या बातम्या मीही वाचतो. पण पावसाला अडीच महिने होते आणि ती फांदी हिरवीगार होती. मी धावत खाली गेलो. दोराला लटकलेला मजूर म्हणाला, “मास्तर, घरटं मलाबी दिसतंय. पण कागदावर आजची तारीख हाय. न्हाई तोडली तर माझी हजरी जाईल.” त्याच्यावर मी रागावू शकलो नाही. कागदावर तारीख घालणाऱ्याने मान वर करून झाडाकडे पाहिले नव्हते, आणि ज्याने पाहिले होते त्याच्या हाती तारीख नव्हती. एक पिल्लू पडताच मेले. दुसरे रुग्णालयात रात्रभर जगले.

आता कायद्याची गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. बंदूक रोखून मारणे एवढाच तिचा अर्थ नाही. वन्य पक्ष्याची अंडी फोडणे, अंडी किंवा घरटे विस्कटणे हीही त्या कायद्याच्या लेखी शिकारच आहे. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली. म्हणजे कायदा आहे, बंदी आहे, रुग्णालय आहे, शिडी घेऊन धावणारे जवानही आहेत. नाही ते एवढेच, की आपण स्वतःला शिकारी समजत नाही. शिकारी म्हटला की मिशीवाला संस्थानिक आणि पायाखाली वाघ असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. मुलाच्या हट्टापायी चोरून नायलॉनची फिरकी विकत घेणारा बाप आणि टेबलावर बसून मार्चची तारीख घालणारा कारकून त्या चित्रात बसत नाहीत. म्हणून आपण सारे निर्दोष!

“पण मास्तर, घारच ती! मुंबईत घारी काय थोड्या आहेत?” हा प्रश्न मला शिकल्या-सवरल्या माणसांनी विचारला. हेच लोक हिवाळ्यात मुलांना घेऊन शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी पाहायला जातात आणि गुलाबी थवे पाहून गहिवरतात. गहिवरू देत, माझी तक्रार नाही. पण उकिरड्यावर जगणारी घार ती हलकी आणि पाहुणा रोहित तेवढा थोर, ही जातपात पाखरांतही कशाला? थोड्या नाहीत म्हणाल, तर गिधाडे तरी कुठे थोडी होती? गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने ती मेली. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते विष त्यांच्या पोटात गेले. गिधाडांच्या तीन जाती शंभरात पंचाण्णवांहून अधिक संपल्यावर, २००६ साली, जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी बांधवांना गिधाडांच्या जागी सूर्याची उष्णता एकवटणारी उपकरणे बसवावी लागली. जे विपुल आहे ते कायमचे आहे, ही समजूत आपल्याच शहरात एकदा खोटी ठरली आहे.

शिवडीच्या चिखलावर थंडीत कधीकधी मासे पकडणारी एक वेगळी घार येते. इंग्रजीत तिला ऑस्प्रे म्हणतात. ती इथे घरटे करीत नाही. तिचे माहेर उत्तरेला दूर. मुलांनी तिच्याविषयी विचारले तेव्हा मी त्यांना स्कॉटलंडची हकीकत सांगितली. ब्रिटनमध्ये अंडी जमवणाऱ्या शौकिनांनी आणि बंदुकवाल्यांनी हा पक्षी विसाव्या शतकाच्या आरंभी नाहीसा केला. १९५४ साली तो स्कॉटलंडमधल्या गार्टन सरोवराच्या परिसरात परत आला. रक्षकांनी जागा गुप्त ठेवली, रात्री पहारा केला. तरी १९५८ साली एका चोराने अंधारात झाडावर चढून घरटे लुटले आणि कोंबडीची अंडी बुटाच्या पॉलिशने रंगवून तिथे ठेवली. तेव्हा रक्षकांनी काय केले? १९५९ साली त्यांनी लोकांनाच बोलावले. दुर्बिणी लावून दिल्या आणि म्हणाले, या, बघा. त्या एका मोसमात सुमारे चौदा हजार माणसे आली आणि तीन पिल्ले उडाली. गुप्ततेने जे साधले नाही ते लोकांच्या नजरेने साधले. मला वाटते, या लेखात मला जे म्हणायचे आहे ते सारे या हकिकतीत आले. घरटे कायद्याच्या कागदाने वाचत नाही. कोणीतरी रोज मान वर करून पाहते, म्हणून ते वाचते.

आमच्या तिसऱ्या घरट्याचे तसेच झाले. मनोऱ्यावरची मादी पिल्ले निघाल्यावर तापट झाली. खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालू लागली. एका माथाडी कामगाराच्या टाळूवर ओरखडा उठला आणि घरटे पाडावे असा अर्ज तयार झाला. अर्जात खोटे काही नव्हते. रक्त माणसाचेच होते. मुलांनी मला मध्ये बोलू दिले नाही. वही घेऊन ती स्वतः गेली आणि त्या कामगाराला पहिल्या पानापासून वाचून दाखवली: पिंपळ, मांजा, शिरीष, छाटणी. मग म्हणाली, “काका, अजून तीनच आठवडे. तोवर छत्री घेऊन जाल का?” तो बराच वेळ गप्प राहिला. शेवटी म्हणाला, “छत्री नको, टोपडं घालतो. डोक्यावर पोतं वाहणारा माणूस मी, मला एका पाखराचं काय भ्या?” दुसऱ्या दिवशी मनोऱ्याच्या पायाशी मुलांच्या अक्षरातला पुठ्ठा लागला: ‘वर बाळंतीण आहे. डोके सांभाळा.’ अर्ज कोणी पुढे नेला नाही. एप्रिलच्या मध्यावर एक पिल्लू उडाले. तीन घरट्यांतून एकच.

मे महिन्यात रे रोडचा तारांच्या आधारावर उभा असलेला नवा पूल खुला झाला. पूल हवाच होता. परंतु वर्षानुवर्षांचा पूल बांधू शकणाऱ्या शहराला एक फांदी तीन आठवडे थांबवता येऊ नये, हे मला पटत नाही. यासाठी पैसा लागत नाही, समिती लागत नाही, भाषण तर मुळीच लागत नाही. छाटणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी एका माणसाने झाड पाहावे आणि घरटे असेल तर ती फांदी पिल्ले उडेपर्यंत राखावी. पतंग सुती दोऱ्यावर उडवावा. पहाटे आणि सांजवेळी पाखरांची ये-जा असते, त्या वेळी फिरकी खाली ठेवावी. कापलेला मांजा झाडांवरून आणि तारांवरून उतरवून घ्यावा. एवढे केल्याने कोणाचा सण बुडत नाही.

आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सलीम अलींचा. दिवाळीच्या आसपासच तो येतो, आणि घारींच्या काटक्या जमवण्यालाही त्याच सुमारास सुरुवात होते. त्या आठवड्यात व्याख्याने होतील, चित्रे रंगवली जातील. होऊ देत. पण वाचकहो, आकाशकंदील टांगायला गच्चीवर जाल तेव्हा क्षणभर आजूबाजूच्या झाडांकडेही पाहा. चोचीत काटकी घेऊन चाललेली घार दिसली तर ती कुठे उतरते ते मुलांना दाखवा आणि एक वही त्यांच्या हातात द्या. आमच्या वहीची उरलेली पाने कोरी आहेत. पिंपळावरची मादी परत आली आहे. तिच्याबरोबर नवा नर आहे. संक्रांतीला अजून अवकाश आहे.