कर्जदाराचा हक्क कुठं गेला?

व्याज हराम आहे, हे जुम्याच्या बयानात ऐकवलं जातं. मान्य. पण मायक्रोफायनान्सचं कर्ज बाई हौसेनं काढत नाही, दवाखान्यासाठी काढते. हप्ता चुकला की गटातल्याच बाया दारात येऊन बसतात, मग दुसऱ्या कंपनीचं कर्ज. सूरह तौबाच्या 60व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितलेत, त्यात कर्जात बुडालेलाही आहे. तरी रमजानमध्ये आपण साड्याच वाटतो! विश्वस्तांना माझा सवाल आहे : मोहल्ल्यात कुणाचे किती हप्ते थकलेत, याची यादी आहे तुमच्याकडे? मिनाराच्या रंगाचा हिशेब मात्र फळ्यावर असतो. यंदा जकातीतून थकलेले हप्ते भरा. पन्नास जणींना साडी मिळण्यापेक्षा दोघींचं कर्जखातं बंद झालेलं मला चालेल.