वाय-फायचा पासवर्ड आणि घरमालकाचा मोबाईल नंबर

छत्रपती संभाजीनगरात सिडको, गारखेडा किंवा विद्यापीठाच्या आसपास खोली बघायला गेलं की भाड्यानंतरचा प्रश्न ठरलेला: वाय-फाय आहे ना? असतंच. कनेक्शन घरमालकाच्या नावावर आणि पासवर्ड बऱ्याचदा त्यांचाच मोबाईल नंबर. यंदाच्या पोरांना तो माहीत असतो, खोली सोडून गेलेल्यांनाही.

डेटा अनलिमिटेड आहे, मग बिघडतं काय, असं मित्र विचारतात. पण इथे मुद्दा डेटाचा नाही, कनेक्शन कुणाच्या नावावर आहे त्याचा आहे.

26 जुलै 2008 ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी 'इंडियन मुजाहिदीन'चा ईमेल वृत्तवाहिन्यांकडे पोचला. त्याचा आयपी ॲड्रेस निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटचा. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाची एटीएसने चौकशी केली. ईमेल त्याने पाठवलाच नव्हता; त्याचं वाय-फाय उघडं होतं, ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं. ऑगस्टमध्ये माटुंग्याचं खालसा कॉलेज आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरची एक कंपनी, तिथेही तसंच घडलं. आयपी ॲड्रेस कनेक्शनपर्यंत नेतो. त्यापुढे माणूस शोधायचा असतो, आणि पहिली बेल वाजते ती ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्या दारावर.

आता बिनपासवर्डचं वाय-फाय फारसं सापडत नाही. पण मोबाईल नंबर हा पासवर्ड म्हणजे कडी लावलेलं, कुलूप नसलेलं दार. डब्ल्यूपीए2 मध्ये फोन राउटरला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते, ती जवळपास बसलेल्याला लॅपटॉपवर पकडता येते. मग निवांत घरी बसून एकेक पासवर्ड लावून बघायचा. राउटरला पत्ताही लागत नाही. दहा आकडी नंबर, सुरुवात 6, 7, 8 किंवा 9 ने, म्हणजे एकूण शक्यता 400 कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं ना? चांगलं गेमिंग ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतं. काही तासांचं काम! आणि नंबर गेटवरच्या 'रूम भाड्याने देणे आहे' पाटीवर असेल, तर तेवढेही कष्ट नकोत.

म्हणून तीन-चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत जोडा, सोळा अक्षरांच्या पुढे जाऊ द्या. राउटर आणि घरातले फोन चालवत असतील तर डब्ल्यूपीए3 निवडा. त्यात हा घरी बसून अंदाज लावण्याचा प्रकार चालत नाही. डब्ल्यूपीएस बंद करा, त्याच्या पिनमधली चूक 2011 पासून जगजाहीर आहे. नेटवर्कचं नाव लपवण्यात वेळ घालवू नका, साध्या ॲपलाही ते दिसतं.

राउटरच्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड वेगळा असतो, आणि फायबर जोडायला आलेला मुलगा तो सहसा बदलत नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. राउटरखालच्या लेबलवर पत्ता असतो, बहुधा 192.168.1.1 सारखा. आज रात्रीच उघडून बघा.

भाडेकरूंसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं चालू करा. पोरं बदलली की काका-काकूंना फक्त त्याचाच पासवर्ड बदलावा लागेल. घरातला टीव्ही आणि कॅमेरा पुन्हा जोडत बसायला नको.