पंपानंतर चूळ भरली का?

दमा आणि अॅलर्जीची सर्दी असलेल्यांचे नाक बरेचदा चोंदलेले असते. मग रात्रभर श्वास तोंडाने. लाळ ही दातांची राखणदार. ती सुकली की दात किडायला आणि हिरड्या सुजायला निमित्त मिळते. त्यात स्टेरॉइडच्या पंपाची भर. फवाऱ्यातले बरेचसे औषध फुप्फुसात न पोचता जीभ-घशावरच बसते आणि काहींच्या तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. तिखट झोंबू लागते. पंप ‘गरम पडला’ असा निष्कर्ष रुग्ण स्वतःच काढतो (ओपीडीतला हा नेहमीचा शब्द) आणि परस्पर बंद करतो. पुढे दिवाळीच्या धुरात दम उसळला की मध्यरात्री कॅज्युअल्टी.

यात दोष पंपाचा नाही, तो लिहून देताना चूळ भरायला न सांगणाऱ्यांचा आहे. दर वेळी पंपानंतर खळखळून गुळण्या करून पाणी थुंकावे, फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर जोडावा, रात्रीचा डोस दात घासण्याआधी घ्यावा. एवढे सांगायला मिनिटही लागत नाही. छाती तपासणाऱ्या डॉक्टरने ‘आ करा’ म्हणायलाही नाही. चट्टे आलेच, तर पंप चालू ठेवूनच दाखवायला यावे. बुरशीवर औषध आहे.