हिरो येतो, माईक जातो

२०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या धामधुमीत, आमच्या घाटकोपरच्या वस्तीत एका उमेदवाराची सभा होती. पक्षाचं नाव लिहीत नाही. कुठलंही घाला, हिशेब तोच येतो. गोदीतली पाळी संपवली, रे रोडला गाडी धरली, कुर्ल्याला बदलली, आणि लोखंडी कॉइलच्या गंजानं तांबडे झालेले हात घेऊन तसाच स्टेजवर चढलो. पोरांचं ठरलं होतं : मी आधी दोन कविता म्हणायच्या, मग वस्तीचा कागद वाचायचा. कागदावर चार प्रश्न. संडासाचा, पाण्याच्या वेळेचा, बिल्डरनं भाडं थकवलेल्या घरांचा आणि कंत्राटी कामगाराच्या फंडाचा. चौथा मी घुसडलेला. त्यात माझा स्वार्थ होता, कबूल.

पहिली कविता अर्ध्यात आली आणि खालून बोंब उठली, "आली रे आली!" कार्यकर्त्यानं माझ्या हातातला माईक काढून घेतला. हिसकावला नाही हं, प्रेमानं काढून घेतला. म्हणाला, "भाऊ, नंतर." सिरियलमधली एक बाई गाडीच्या टपातून वर आली. हात हलवला, हसली, 'जय भीम' म्हणाली. कुणीतरी कानात सांगितलं असणार. सात-आठ मिनिटं. मग गाडी दुसऱ्या वस्तीला आणि गर्दी गाडीमागं. सतरंज्या गोळा व्हायला लागल्या. ते 'नंतर' काही आलं नाही.

आणि दोस्तांनो, खोटं कशाला बोलू? त्या बाईचा फोटो मीपण काढला.

दुसऱ्या दिवशी गोदीत मुकादम म्हणाला, "तुम्ही झोपडपट्टीवाले हिरो-हिरोईन बघून मतं टाकता, म्हणून देशाची ही दशा." हे एकट्या मुकादमाचं मत नाही. बाल्कनीत बसून पेपर वाचणारे सगळे पांढरपेशे हेच बोलतात. आपण म्हणजे अडाणी, पडद्यावर नाचणाऱ्याला भुलणारे. मग म्हटलं, चला, उपनगरांचा जमाखर्च उघडूनच बघू.

२००४ साल. उत्तर मुंबई. तेव्हा हा मतदारसंघ बोरिवलीहून पार वसई-पालघरपर्यंत पसरलेला. राम नाईक सलग पाच वेळा निवडून आलेले, केंद्रात पेट्रोलियम मंत्री. काँग्रेसनं समोर गोविंदाला उभा केला आणि नाईक सुमारे ४८ हजार मतांनी पडले. झालं! पेपरवाल्यांनी निकाल देऊन टाकला : पब्लिक नटाला भुललं. माझी मावशी तेव्हा बोरिवलीच्या झोपडीत राहायची. तिला परवा विचारलं. ती भडकली. "अरे, गोविंदाला कुठं? आम्ही पंजाला दिलं. त्याची गाणी आवडायची ती वेगळी गोष्ट."

मावशी शाळेत गेली नाही, पण तिचं गणित बरोबर आहे. त्या वर्षी मुंबईतल्या सहापैकी पाच जागा काँग्रेसनं मारल्या. मुलुंड-घाटकोपरकडे गुरुदास कामतांनी किरीट सोमय्यांना पाडलं. आणि उत्तर-मध्यला धारावीच्या एकनाथ गायकवाडांनी, खुल्या जागेवर एका दलित माणसानं, लोकसभेच्या सभापतीला, खुद्द मनोहर जोशींना घरी बसवलं. गायकवाडांचं कुठलं गाणं हिट होतं? वारं होतं ते होतं. त्याचं श्रेय मात्र नाचणाऱ्याला. गायकवाडांची गोष्ट कोण सांगतं?

पुढं चला. त्याच उत्तर मुंबईत २०१९ ला उर्मिला मातोंडकर. मराठी बाई, नाव घराघरात, गल्लीबोळ तुडवले, बोललीही चांगलं. गोपाळ शेट्टींकडून साडेचार लाखांहून जास्त मतांनी हरली. २०१४ ला वायव्य मुंबईत राखी सावंत, निशाणी हिरवी मिरची, मतं दोन हजाराच्या आत. तिला लोक फिदीफिदी हसले. गोविंदाही कंबर हलवूनच मोठा झाला, त्याला कुणी हसलं नाही. बाईनं नाचलं की तमाशा, बाप्यानं नाचलं की कला!

सुनील दत्तांना मात्र मी या रांगेत उभा करणार नाही. १९८४ ला त्यांनी जेठमलानींना पाडलं तेव्हा ते नट म्हणून आले असतील. पण १९८७ ला ते मुंबईहून अमृतसरपर्यंत चालत गेले. पुढं लोकांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलं ते त्या पायांना.

आता आपल्याच ढुंगणाखालचा अंधार बघू. २०२४ ची विधानसभा, अंधेरीकडचा वर्सोवा मतदारसंघ. बिग बॉसमधला एजाझ खान उभा. इन्स्टाग्रामवर ५६ लाख माणसं मागं, मतं पडली १५५. 'नोटा'ला त्याच्या कितीतरी पट जास्त. सगळा देश हसला, मीपण हसायला लागलो, आणि मधेच गप्प झालो. कारण तिकीट होतं आझाद समाज पार्टीचं, कंसात कांशीराम. निळा झेंडा आपला होता. आठवल्यांच्या रिपब्लिकन पक्षानं तरी काय केलं? २०१४ ला राखी सावंत आली, २०२० ला पायल घोष आली, हार घातले, फोटो निघाले. त्या बायांवर माझा राग नाही. त्या पोटासाठी फिरतात, मीपण पोटासाठी कॉइल उचलतो. राग आहे तो आपल्या पुढाऱ्यांवर. वस्तीवस्तीत शाहीर आहेत, गाणाऱ्या बाया आहेत, कविता लिहिणारी पोरं आहेत. त्यांना हिरो येईपर्यंत गर्दी धरून ठेवायला बोलावतात.

म्हणजे नट मतं नेत नाही. आकडे तुमच्यासमोर आहेत. आपला माणूस टाळ्या वाजवतो, फोटो काढतो आणि मत आपल्या हिशेबानं देतो. मग हे लाखो रुपये उधळून नट आणतात कशाला? कारण तो आला की प्रश्न विचारायची वेळ जाते. उमेदवाराला संडासावर बोलावं लागत नाही. ती सात-आठ मिनिटं त्याला फार स्वस्त पडतात.

जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या सभेत माईक कुणाकडं होता? राजा ढाले आणि नामदेव ढसाळ. दोघेही कवी. पँथरनं मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक दिली. सभेवर दगड पडले, दंगल पेटली, भागवत जाधव शहीद झाला. पण काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि रोझा देशपांडे निवडून आल्या. त्या स्टेजवर नट नव्हता. तिथून माईक काढून घ्यायला पोलीस आणि दगड लागले. माझ्याकडून काढून घ्यायला 'भाऊ, नंतर' एवढं पुरलं. याची मला लाज वाटते.

कागद अजून माझ्याकडं आहे. घामानं वरची ओळ पुसली होती, ती परत लिहिली. पोरं म्हणतात, पुढच्या सभेला कविता राहू दे, चढल्या चढल्या कागदच वाच. शिवाय पाचवा प्रश्न घालायला सांगतात : बाईला आणायला किती दिले, आणि ते कुणाच्या खिशातून?