‘फॉरमॅट मारा’ या सल्ल्याआधी



हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत झेरॉक्सच्या दुकानापासून फोटो स्टुडिओपर्यंत आणि सेवा केंद्रापासून शाळेच्या कार्यालयापर्यंत कामाच्या फाइली आजही पेन ड्राइव्हवरूनच इकडून तिकडे जातात, आणि संगणकाने तो ‘घेतला’ नाही की ‘फॉरमॅट मारा’ हा एकच सल्ला मिळतो. हा सल्ला बहुतेक प्रसंगी चुकीचा आहे, कारण त्यामुळे बिघाड कशात आहे ते कळण्यापूर्वीच माहितीवर पाणी सोडावे लागते. शिवाय ज्या ड्राइव्हवर ही वेळ येते त्यांपैकी अनेक ड्राइव्ह विकत घेतले त्या दिवशीच सदोष असतात, आणि त्याचा दोष मात्र व्हायरसवर किंवा ग्राहकाच्या हाताळणीवर टाकला जातो.

परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी पेन ड्राइव्ह बाजारात आला. आयबीएमने तेव्हा विकलेल्या ड्राइव्हची क्षमता अवघी ८ एमबी होती. क्षमता तेव्हापासून हजारो पटींनी वाढली असली तरी आतली रचना तीच राहिली आहे. माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने धरून ठेवणारी फ्लॅश मेमरीची चिप हा तिचा एक भाग, आणि त्या चिपचा कारभार पाहून संगणकाशी व्यवहार करणारा कंट्रोलर, म्हणजे नियंत्रक, हा दुसरा. संगणकाला चिप प्रत्यक्ष दिसत नाही. नियंत्रक जी क्षमता सांगेल ती तो मान्य करतो.

बनावट ड्राइव्हचा धंदा याच मान्यतेवर चालतो. आत ८ किंवा १६ जीबीची चिप बसवायची आणि नियंत्रकाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्यात कायम भरून ठेवलेल्या आज्ञावलीत, २ टीबी असा आकडा घालायचा, एवढे केले की विंडोजही निमूटपणे २ टीबी दाखवते. खरी चिप भरेपर्यंत सारे सुरळीत चालते. ती भरल्यावर काही ड्राइव्ह नवी माहिती जुन्या माहितीवरच लिहीत सुटतात, तर काही ती स्वीकारल्याचे कळवून प्रत्यक्षात टाकून देतात. कॉपीची हिरवी पट्टी शेवटपर्यंत जाते आणि फाइलींची नावे व आकारही बरोबर दिसतात, कारण फाइलींची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात ठेवलेली असते आणि तो भाग खरा असतो. पण फाइल उघडायला गेले की लग्नाचा व्हिडिओ मध्येच थांबतो आणि फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी निघतो. ही फसवणूक खरेदीनंतर कित्येक महिन्यांनी, ड्राइव्ह भरत आल्यावरच उघड होते. तोपर्यंत पावती हरवलेली असते, किंवा ती मुळात घेतलेलीच नसते.

इतक्या क्षमतेचा पेन ड्राइव्ह अस्तित्वातच नाही, असे अर्थातच नाही. किंग्स्टन कंपनीने २०१७ च्या जानेवारीत २ टीबीचा पेन ड्राइव्ह जाहीर केला होता. मात्र एवढी खरी चिप चार-पाचशे रुपयांत कोणीही देऊ शकत नाही, आणि त्या भावात ती मिळत असेल तर वेष्टनावरचा आकडा खोटा आहे, असे खुशाल धरून चालावे. याउलट ६४ जीबीच्या चांगल्या ड्राइव्हवर विंडोज सुमारे ५९.६ जीबीच दाखवते, त्यात मात्र लबाडी नसते. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे हा फरक पडतो.

वसमतच्या बाजारात हळद घेणारा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. ड्राइव्हचीही अशी आतली परीक्षा घेता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. विंडोजसाठी ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्ससाठी ‘एफथ्री’ हे मोफत प्रोग्राम रिकामा ड्राइव्ह पूर्ण भरून लिहितात, लिहिलेले परत वाचून पडताळतात आणि खरी क्षमता किती ते सांगतात. सेकंदाला १० एमबी वेगाने लिहिणारा ६४ जीबीचा ड्राइव्ह नुसता भरायलाच पावणेदोन तास लागतात, म्हणून ही चाचणी गल्ल्यासमोर उभे राहून होणार नाही. ती घरी, खरेदीच्या दिवशीच आणि कामाची एकही फाइल त्यावर टाकण्यापूर्वी करावी.

येथे कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराला वाचवू शकत नाही. नामांकित कंपन्या अनेक मॉडेलांवर पाच वर्षांची हमी देतात, ती बिलाशिवाय वापरता येणे कठीण असते. आणि ती हमी ड्राइव्ह बदलून देण्याची असते, त्यातली माहिती परत मिळवून देण्याची नसते.

आता ओळखला न जाणाऱ्या ड्राइव्हविषयी. पहिली शंका ड्राइव्हवर न घेता सॉकेटवर घ्यावी, कारण कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची सॉकेट रोजच्या काढघालीने सैल झालेली असतात आणि ती मदरबोर्डला आतून वायरने जोडलेली असल्याने तिथे जोडणी ढिली पडण्याचा संभव अधिक असतो. मागच्या बाजूच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेंशन वायर न लावता, आणि त्यानंतर दुसऱ्या संगणकावर ड्राइव्ह लावून पाहावा. तरीही तो दिसला नाही तर विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ ही खिडकी उघडावी, कारण खरे निदान तिथे होते. ड्राइव्ह तिथे नीट दिसत असून त्याला फक्त अक्षर मिळालेले नसेल, तर उजवे बटण दाबून अक्षर द्यावे. एवढ्यानेच काम भागते. त्याच्यापुढे ‘रॉ’ असे लिहिलेले असेल तर फाइलींची मांडणी बिघडली आहे, पण माहिती बहुधा जागेवर आहे. फॉरमॅट सर्वांत घातक ठरते ते याच वेळी. अशा ड्राइव्हवर काहीही न लिहिता ‘टेस्टडिस्क’ किंवा ‘फोटोरेक’ या मोफत प्रोग्रामांनी फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्याव्यात, मग हवे तर फॉरमॅट करावे. ‘नो मीडिया’ असे दिसत असेल तर नियंत्रक जिवंत असून त्याचा चिपशी संबंध तुटलेला असतो, आणि तो फॉरमॅटने जुळत नाही. ड्राइव्ह कुठल्याच संगणकावर कसलीच हालचाल करत नसेल तर टोकाशी टाका सुटल्याचा संभव असतो. माहिती मोलाची असेल तर तो सोल्डरिंगच्या जाणकार हातातच द्यावा.

फाइली नाहीशा होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसणे हा अनेकांच्या संगणकांत फिरून आलेल्या ड्राइव्हचा नेहमीचा आजार आहे. मूळ फाइली बहुधा तिथेच असतात. व्हायरसने त्या फक्त लपवलेल्या असतात. अँटिव्हायरसने ड्राइव्ह तपासून फोल्डरच्या पर्यायांत लपलेल्या आणि प्रणालीच्या फाइली दाखवण्याची सोय चालू केली की त्या समोर येतात. मोठी व्हिडिओ फाइल जाता जात नाही, याचेही कारण पुष्कळदा बिघाड नसून फॅट३२ ही जुनी मांडणी असते, कारण तिच्यात ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट मांडणी घेतल्यास ती मावते, पण जुने टीव्ही आणि भजनी मंडळांचे साउंड बॉक्स पुष्कळदा फॅट३२ च वाचतात. ड्राइव्ह ‘राइट प्रोटेक्टेड’ झाला असेल आणि त्यावर तसे बटण नसेल, तर चिप झिजल्यावर काही नियंत्रक लिहिणे कायमचे बंद करतात हे लक्षात घेऊन, वाचता येते आहे तोवर सारे उतरवून घ्यावे आणि तो ड्राइव्ह पुन्हा वापरू नये.

चांगला ड्राइव्हसुद्धा माहितीचे कायमचे घर नव्हे. चिपमधला विद्युतभार वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास हळूहळू गळतो, आणि कॉपी चालू असताना वीज गेली किंवा ‘सेफली रिमूव्ह’ न करता ड्राइव्ह ओढून काढला, तर अर्धवट लिहिलेल्या यादीमुळे चांगल्या फाइलीही अडकू शकतात. शाळांचे निकाल, सोसायट्यांचे हिशेब आणि कीर्तनांची ध्वनिमुद्रणे एकाच ड्राइव्हवर ठेवून निश्चिंत राहणे म्हणूनच धोक्याचे आहे. दुसरी प्रत संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर असलीच पाहिजे.

जिल्ह्यातील संगणक प्रशिक्षण केंद्रांनी क्षमतेची चाचणी आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’मधले निदान या दोन गोष्टी पहिल्या आठवड्यातच शिकवाव्यात, सेवा केंद्रांनी फॉरमॅट करण्यापूर्वी ग्राहकाला माहिती जाण्याचा धोका स्पष्ट सांगावा, आणि विक्रेत्यांनी बिलावर कंपनी, मॉडेल व क्षमता लिहून द्यावी. चाचणीत ड्राइव्ह बनावट निघाल्यास ग्राहकाने बिल आणि चाचणीच्या निकालाचा फोटो घेऊन तीस दिवसांच्या आत दुकानात जावे. तिथे दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत तिथे तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही.

— एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)