आधी वाचन, मग उपाय

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपला बाहेरचा मोठा मॉनिटर जोडला की पडदा जड होतो, ओढलेली खिडकी मागून घरंगळत येते, माउसचा बाण अडखळतो, ही तक्रार जुनी आहे. एका पडद्यावर हस्तलिखिताची छायाप्रत आणि दुसऱ्यावर लिप्यंतर ठेवून काम करणाऱ्या भाषेच्या अभ्यासकालाही ती आता परकी राहिलेली नाही. त्यावर सुचवले जाणारे उपाय मात्र बहुधा एकाच जातीचे असतात: ही ओळ उतरवून घ्या, ती आज्ञा चालवा, यंत्र पुन्हा सुरू करा. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडणाऱ्या विद्यार्थ्याची ही रीत आहे. कृती न वाचता उत्तर पाठ करण्याची सवय आपण वर्गात ज्या कारणासाठी नाकारतो, त्याच कारणासाठी ती यंत्रासमोरही नाकारली पाहिजे.

'पडदा संथ आहे' हे केवळ लक्षण आहे. त्यामागे परस्परांशी संबंध नसलेली किमान चार कारणे संभवतात.

पहिले, चित्र रेखाटण्याचे काम ग्राफिक्स चिप करतच नसेल. चिप नवी आणि वितरणातला मेसा हा चित्रसंच जुना असेल, तर लिनक्स बंद पडत नाही. ते सारे काम निमूटपणे मुख्य प्रोसेसरवर टाकते. सेटिंग्जमधील यंत्राच्या माहितीत ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' हे नाव दिसले, तर हेच घडले आहे. दुसरे, जोडणी अपुरी असेल. एचडीएमआय १.४ या जुन्या प्रतीच्या जोडणीतून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलू शकते. ६० ची सवय झालेल्या डोळ्यांना ते अडखळल्यासारखे वाटते. तिसरे, लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील. पुष्कळ यंत्रांत डेस्कटॉपचे चित्र इंटेलची चिप काढते, पण एचडीएमआयचे तोंड एनव्हिडियाच्या चिपला जोडलेले असते. मग प्रत्येक चित्राची नक्कल एकीकडून दुसरीकडे न्यावी लागते. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येकी ४ बाइट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली, तर ही वाहतूक सेकंदाला जवळजवळ २ गिगाबाइट भरते. चौथे, अक्षरे दीडपट मोठी केलेली असतील. काही डेस्कटॉप त्यासाठी चित्र आधी दुप्पट आकारात काढतात आणि मग आक्रसतात.

या चारांवर एकच रामबाण उतारा असणे शक्य नाही, हे उघड आहे. पाठचिकित्सा करणारा अभ्यासक पोथ्यांच्या प्रती शेजारीशेजारी ठेवतो, त्या कुठे वेगळ्या होतात ते पाहतो आणि एका वेळी एकाच पाठभेदाचा विचार करतो. येथेही तेच करावयाचे. मॉनिटर काढून पाहावा; लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही संथच असेल, तर दोष जोडणीचा नव्हे. मग पडद्याची गती ३० आहे की ६० ते पाहावे. अक्षरांचा आकार १०० टक्क्यांवर आणावा. मॉनिटर यूएसबी-सीच्या तोंडाला लावून पाहावा, कारण काही लॅपटॉपांत ते तोंड थेट इंटेलच्या चिपकडे जाते. एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले आणि पडदा सुधारला, तर उपाय सापडतो, पण कारण हरवते.

मात्र असे वाचन शक्य होण्यासाठी संहिता खुली असावी लागते. २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाला अत्यंत कठोर शब्दांत सुनावले. त्यांच्या भाषेविषयी मतभेद असू शकतील. मूळ प्रश्न रास्त होता. ड्रायव्हर बंदिस्त ठेवला की बिघाड कुठे आहे हे कंपनीखेरीज कोणालाच पाहता येत नाही. 'नूवो' हा खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना चिपचे वर्तन बाहेरून न्याहाळत तिची रचना ताडावी लागली. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला, पण त्याच्यावरचा मोठा भाग बंदच ठेवला. म्हणजे अर्धी पोथी हाती आली.

यावर कोणी म्हणेल, ज्याला केवळ लेख लिहायचा आहे त्याने हे सारे का जाणावे? आक्षेप योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर 'गाईड वाचा' हे नाही. पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो आहे, चित्र कोणती चिप काढते आहे, हे यंत्राला ठाऊक असते. ते नोंदींच्या ढिगात पुरलेले असते, इतकेच. 'ही जोडणी सेकंदाला ३० चित्रांपलीकडे जाऊ शकत नाही', एवढे एक साधे वाक्य, वापरणाऱ्याच्या भाषेत, पडद्यावर का येऊ नये? लिनक्सच्या डेस्कटॉपांचे मराठीकरण करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे मेनू आणि बटणे अनुवादित केली. आता बिघाडाची कारणेही सुबोध मराठीत यावीत, ही मागणी भाषेच्या अध्यापकांनी करायला हवी. ज्ञानभाषेची चर्चा आपण परिसंवादांतून पुष्कळ केली. आपल्या टेबलावरील यंत्र स्वतःचे दुखणे मराठीत सांगू लागले, तर त्या चर्चेला काही अर्थ येईल.